जॉन हॉलीला नुसता चाचा म्हणून उरकू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत मध्ययुगीन इंग्लंडच्या समुद्रव्यापारावर आलेला लेख आवडीने वाचला. पण त्यात दक्षिण इंग्लंडमधल्या डार्टमथ बंदराच्या जॉन हॉलीला, चौदाव्या शतकातल्या या व्यापाऱ्याला, अडीच ओळीत चाचा म्हणून उरकून टाकलंय ते अजिबात पटलं नाही, म्हणून हे पत्र. तो जहाजं लुटायचा हे खरंच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण तोच माणूस चौदा वेळा त्या गावाचा मेयर होता, पार्लमेंटमध्ये डार्टमथचा प्रतिनिधी म्हणून बसला, किल्ल्याचं काम त्याच्याच पुढाकाराने झालं, आणि यातलं काहीच लेखात नाही.

मुळात त्या काळात राजाकडे स्वतःचं असं मोठं आरमारच नव्हतं. लढाई आली की बंदरातली व्यापाऱ्यांची जहाजं हुकमाने थांबवून ठेवायची, माल उतरवायला लावायचा आणि त्यात सैनिक भरायचे. खलाशाला दिवसाला ३ पेनी, जहाजाच्या मास्टरला म्हणजे कप्तानाला ६. १३४१ मध्ये डार्टमथला स्वतःचा मेयर निवडायचा हक्क मिळाला तोसुद्धा फुकट नाही, बदल्यात वर्षातले चाळीस दिवस राजासाठी दोन जहाजं द्यायची असं ठरलं. म्हणजे त्या गावात मेयर व्हायचं तर जहाजांचा माणूसच लागणार ना, दुसऱ्या कोणाला ते झेपणार तरी कसं? जकातीचंही तेच. १२७५ पासून परदेशी जाणाऱ्या लोकरीच्या पोत्यामागे ६ शिलिंग ८ पेनी, आणि ती वसूल करणारे बहुतेक तिथलेच व्यापारी. राजाला त्यांचा पूर्ण भरवसा नसावा, कारण जकातीच्या कागदावर उठवायचा शिक्काच दोन भागांचा, एकेक भाग वेगवेगळ्या माणसाकडे, एकट्याला शिक्का मारताच येऊ नये म्हणून. मला ही गोष्ट फार बोलकी वाटते.

आता हॉली. डार्टमथ ज्या परगण्यात आहे त्या डेव्हनचं कापड, कथील बाहेर जायचं आणि बोर्डोची वाइन यायची, डार्टमथचा धंदा हाच. फ्रान्सशी युद्ध चालू, समुद्र धोक्याचा, मग शत्रूची जहाजं धरायची परवानगी राजा अशा लोकांना द्यायचा. हॉलीलाही ती मिळाली होती. पण धुक्यात समोर आलेलं जहाज शत्रूचं की मित्राचं, आणि मित्राच्या जहाजात शत्रूचा माल असला तर काय, हे जागेवर कोण ठरवणार? जो पकडतोय तोच. मग तो परदेशी व्यापारी लंडनला जाऊन तक्रार करणार, राजा चौकशी लावणार, आणि चौकशीचं काम फिरून बंदरातल्याच बड्या लोकांकडे येणार. कुंपणच शेत खातंय असं आपण सरळ म्हणू, पण राजाकडे दुसरं कुंपणच नव्हतं हो, आणि ते उभारायला पैसाही नव्हता. राजा चौथ्या हेन्रीच्या कारकिर्दीच्या सुरुवातीच्या वर्षांत तर फ्रेंच आणि ब्रेटन (म्हणजे वायव्य फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या) जहाजांना त्रास देण्यासाठी तो याच मंडळींवर विसंबून होता आणि तक्रारी अगदीच वाढल्या की त्यांनाच धारेवर धरायचा. १४०६ मध्ये हॉलीला काही काळ टॉवर ऑफ लंडनमध्ये डांबलं ते अशाच पकडलेल्या मालाच्या भानगडीतून.

ज्यांचा माल गेला त्यांचं दुःख मी कमी लेखत नाही. कोणाची आयुष्यभराची कमाई त्या पिंपांमध्ये असेल, आणि नुकसानभरपाईसाठी परक्या देशात वर्षानुवर्षं खेटे घालायचे. हे सगळं हॉलीच्या हिशोबात धरलंच पाहिजे. पण त्याच हिशोबात १३८८ हेही धरा. फ्रेंच हल्ला होणार या भीतीने डार्ट नदीच्या मुखाशी किल्ला बांधायला घेतला तेव्हा मेयर हाच होता. आणि एप्रिल १४०४ मध्ये ब्रेटन फौज जवळच्या ब्लॅकपूल सँड्स किनाऱ्यावर उतरली, तिला गावकऱ्यांनी पळवून लावलं, त्यांचा सरदार दु शास्तेल मारला गेला. बचावाची सूत्रं हॉलीकडे होती असं सांगितलं जातं. बायकांनीही गोफणीने दगड मारले असं त्या काळच्या बखरकाराने लिहून ठेवलंय. राजाने वेस्टमिन्स्टरला देवाचे आभार मानले ते या लढाईसाठी.

हॉली १४०८ च्या डिसेंबरात गेला. डार्टमथच्या सेंट सेव्हियर चर्चचा वेदीकडचा भाग त्यानेच नव्याने बांधला होता आणि तिथेच त्याचं थडगं आहे. वरच्या पितळी पत्र्यावर तो चिलखत घालून उभा कोरलाय, दोन्ही बाजूंना दोन बायका, आधी गेलेली जोन आणि नंतरची ॲलिस, आणि जोनचा हात त्याने हातात धरलाय. व्यापारी माणूस, पण स्वतःला मागे ठेवलं ते योद्ध्याच्या वेशात, याचा विचार लेखकाने करायला हवा होता असं मला मनापासून वाटतं.

तुम्ही लेखासोबत कवटीचा झेंडा लावलेलं जहाज छापलंत, तो झेंडा हॉलीनंतर कितीतरी काळाने आलेला आहे, त्याचा इथे संबंधच नाही. त्याऐवजी त्या पितळी पत्र्याचा फोटो छापा. आणि जमलं तर त्याच्या मुलावरही एक लेख येऊ द्या, त्याचंही नाव जॉनच आणि तोही डार्टमथकडून पार्लमेंटात गेला.

आपला,
एक नियमित वाचक