मानसशास्त्राच्या कपाटात नुसती यशाचीच पुस्तकं

संपादक साहेब, नमस्कार.

मी शहाद्याकडे झेडपीच्या शाळेत शिक्षक आहे. बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट, तिसरीच्या वर्गात चित्रवर्णन घेत होतो, चित्रात मोठा बैल. पोरं बैल, शिंगं, शेपटी सांगून मोकळी झाली. एक पावरा आदिवासी पोरगा होता, आईबाप धडगावकडून ऊसतोडीला आलेले, तो उठला आणि मागच्या डोंगरापासूनच सुरू झाला, गवत वाळलंय म्हणजे होळी जवळ आली, नाल्याला पाणी नाही, जवळ घर दिसत नाही म्हणजे हा बैल कोणाचा तरी चुकलाय. बैलाचा रंग वगैरे काही सांगितलाच नाही. मी मध्येच थांबवलं, विचारलं तेवढं सांग म्हटलं, आणि दहापैकी चार मार्क दिले.

पुढे माणसांच्या वागण्यावरचं एक इंग्रजी पुस्तक हाती लागलं, त्यात २००१ मधला एक प्रयोग होता. जपानी आणि अमेरिकन विद्यार्थ्यांना पाण्यातल्या माशांची चित्रफीत दाखवली, काय दिसलं विचारलं, तर अमेरिकन पोरं मोठ्या माशापासून सुरुवात करायची आणि जपानी बहुतेकदा आधी तळं, पाणी, वनस्पती सांगायचे. वाचता वाचता तो पोरगा डोळ्यासमोर आला आणि पुस्तक बाजूला ठेवावं लागलं. आता जपान्यांचं अनुमान पावरा पोराला चिकटवायचं नाही हे मला कळतं, तो त्याचा एकट्याचा स्वभावही असेल, पण त्याला कमी दिसत नव्हतं, जास्त दिसत होतं, एवढं तरी मला तेव्हाच कळायला हवं होतं.

म्हणून सांगतो, माणसांच्या वागण्यावरची ही पुस्तकं शिक्षक, नर्स, तलाठी, बँकवाले सगळ्यांनी वाचायला हवीत. पावरा लोकांत मुलाकडचे मुलीच्या बापाला देज देतात, तर शिकलेली माणसं बिनधास्त म्हणतात हे पोरी विकतात, आणि आपल्याकडे पोरीच्या बापाने हुंडा द्यायचा हे मात्र त्यांना रीत वाटतं! मानवशास्त्रज्ञ इरावती कर्व्यांनी १९५३ मध्येच नात्यागोत्यांवर अख्खा ग्रंथ लिहिला, मामाची पोरगी करणं दक्षिणेत चालतं, उत्तरेत नाही, आणि महाराष्ट्र मधल्या पट्ट्यात. आपण तर सातपुड्याच्या पायथ्याशी, त्या पट्ट्यातच बसलोय.

पण पुस्तकं मिळणार कुठे? आमच्या तालुक्याच्या वाचनालयात मानसशास्त्राच्या कपाटात श्रीमंत कसं व्हायचं, लोकांवर छाप कशी पाडायची, हेच. ग्रंथपाल अण्णांना विचारलं तर म्हणे, "भाऊ, ती पुस्तकं कोनी मांगत नही." बरं, परदेशी पुस्तकंही जपूनच वाचावी लागतात. २०१० मध्ये माणसांच्या वागण्याचे अभ्यासक जोसेफ हेन्रिक आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी लक्षात आणून दिलं की नावाजलेल्या मासिकांतल्या मानसशास्त्राच्या अभ्यासांत ९६ टक्के माणसं अशा देशांतली, जिथे जगातली फक्त १२ टक्के लोकसंख्या राहते. त्यात भिल्ल, पावरा, कोकणा, लेवा पाटील कुठून येणार? आपल्या लोकांवर, अहिराणी आणि पावरी बोलणाऱ्यांवर, मराठीत साध्या भाषेत कोणीतरी लिहायला पाहिजे, आणि जे आहे ते निदान कपाटात तरी यायला पाहिजे.

अण्णा म्हणाले, लेखी मागणी आली तर समितीपुढे ठेवतो. मी माझा अर्ज दिलाय, कर्व्यांच्या पुस्तकांपासून सुरुवात करून सात नावं लिहिलीत. शहादा, तळोदा, अक्कलकुव्याकडच्या वाचकांनीही आपापल्या वाचनालयात असे अर्ज द्यावेत.

आपला,
एक शिक्षक वाचक, शहादा, जि. नंदुरबार