तेलाची बातमी आरोग्याच्या पानावरही हवी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कच्च्या तेलाचा पुरवठा घटला की बातमी अर्थपानावर येते. भाव, महागाई, वाहनविक्री, एवढ्यावर चर्चा संपते. तेल खरोखरच कमी पडत गेले तर दवाखाने कसे चालतील, हे कुणी विचारत नाही. माझ्या मते हाच पहिला प्रश्न आहे.

सप्टेंबर २००० मध्ये ब्रिटनमध्ये इंधनावरील कराविरोधात आंदोलकांनी तेलाचे डेपो अडवले. देशात तेल होते, ते फक्त पंपांपर्यंत जात नव्हते. तरी काही दिवसांतच रुग्णालयांना तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. आणि नुसते डिझेलच नव्हे, तर सलाइनची पिशवी, सिरिंज, हातमोजे, कित्येक औषधांचा कच्चा मालसुद्धा तेलातूनच येतो.

तेल कमी झाले की लोकांची तब्येत सुधारते, असे म्हणताना क्युबाचे उदाहरण नेहमी दिले जाते, पण अर्धेच. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला आणि तिथून येणारे स्वस्त तेल आटले. बसगाड्या थांबल्या, चीनमधून दहा लाखांहून अधिक सायकली आल्या. लोकांची वजने उतरली. पुढे काही वर्षे मधुमेहाने आणि हृदयविकाराने होणारे मृत्यूही घटले. मात्र लोक उपाशीही होते. ट्रॅक्टरला डिझेल नाही, खत नाही, आयात धान्य नाही. अपुऱ्या आहारामुळे मज्जातंतूंच्या विकाराची साथ आली, पन्नास हजारांहून अधिक लोक आजारी पडले, त्यांतल्या अनेकांची नजर अधू झाली. टंचाईचे गोडवे गाणाऱ्यांनी हेही सांगितले पाहिजे.

चालणे आणि सायकल हिताची आहेच, पण ती ज्याला जमते त्याला. डायलिसिसच्या रुग्णाला सहसा आठवड्यातून तीनदा केंद्र गाठावे लागते. मोटारीच्या भरवशावर शहरे ऐसपैस पसरली, मोठी रुग्णालये पार वेशीबाहेर गेली. तिथवर हा माणूस जाणार कसा?

म्हणून रस्ते रुंद करण्याआधी वस्तीवस्तीत छोटी उपचार केंद्रे आणि विजेवरच्या बसगाड्या हव्यात. रुग्णवाहिका, औषधांच्या गाड्या, अन्नधान्याची वाहतूक यांपैकी तेल आधी कुणाला, हे टंचाईच्या ऐन गर्दीत नव्हे, आताच ठरवून जाहीर करायला हवे. आपल्या दैनिकाने आरोग्य अधिकाऱ्यांना हा प्रश्न विचारावा आणि त्यांची उत्तरे छापावीत, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक