दोऱ्याचं रीळ आणि बारा बैठका : ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या मुलांच्या पालकांसाठी मदतीचं आवाहन

नमस्कार सोलापूरकर,

अशोक चौकाच्या मागच्या एका घरात साडेतीन वर्षांचा मुलगा आईजवळ बसतो. तिच्या मांडीवर विड्यांचं सूप असतं आणि तो दोऱ्याचं रीळ फरशीवर गरगर फिरवत राहतो. पूर्वी ती रीळ काढून घ्यायची, मग तो डोकं आपटायचा आणि त्या दिवशीच्या विड्या कमी भरायच्या. आता ती सूप बाजूला ठेवून त्याच्यासमोर बसते. रीळ थांबलं की "दारम" म्हणते आणि वाट बघते. तेलुगूत दोऱ्याला दारम म्हणतात. गेल्या महिन्यात रीळ खाटेखाली गेलं, तेव्हा त्याने आधी आईच्या तोंडाकडे पाहिलं, मग तिचा हात धरून खाटेकडे नेलं. शब्द अजून फुटलेला नाही, पण त्याने आईकडे मागितलं. त्या दिवशी तिचा फोन आला तेव्हा आमच्यातल्या कितीजणींच्या डोळ्यांत पाणी होतं!

आम्ही अशाच मुलांचे पालक, बारा बैठकांत आयांना हे शिकवतो. ही पद्धत आम्ही मनाने काढलेली नाही. इंग्लंडमध्ये १५२ लहान मुलांवर ती तपासली गेली. पालक आणि मूल खेळतानाचं चित्रीकरण करायचं, पालकांसोबत ते पुन्हा बघायचं आणि मुलाने केलेली बारीकशी खूण कुठे निसटली ते शोधायचं. सुमारे सहा वर्षांनी त्याच मुलांना पुन्हा तपासलं, तेव्हाही फरक टिकून होता. पुढे गोवा आणि रावळपिंडीत ६५ मुलांच्या घरी हीच पद्धत नेली गेली. शिकवणारे तज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण घेतलेले साधे कार्यकर्ते होते. सहा महिन्यांत बारा बैठका झाल्या. २०१६ मध्ये निष्कर्ष आले : पालकांचा प्रतिसाद सुधारला, मुलं आपणहून जास्त संवाद साधू लागली. एक बाब मात्र उलटी निघाली, दोघांनी एकाच गोष्टीत रमण्याचा वेळ घटला. तेही आम्ही पालकांना सांगतो. ऑटिझम 'बरा' होईल असं आम्ही कुणालाच सांगत नाही. स्पीच थेरपी किंवा ओटी (रोजची कामं जमावीत म्हणून दिली जाणारी ऑक्युपेशनल थेरपी) बंद करा, असंही नाही.

हे इतकं सविस्तर लिहायचं कारण आमच्यातल्या एका कुटुंबाने बाहेरगावच्या दवाखान्यात स्टेम सेल (मूळ पेशी टोचण्याच्या) उपचारासाठी मंगळसूत्र सोडून सगळं सोनं मोडलं. मूल होतं तसंच आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच ऑटिझमसाठी या उपचाराची शिफारस करता येत नाही असं स्पष्ट केलं होतं, पण ते त्यांना कुणी सांगितलंच नाही. "अमक्याचा मुलगा सुधारला" एवढ्यावर विश्वास ठेवला. अमेरिकेत सिक्रेटिन नावाच्या इंजेक्शनचा असाच बोलबाला झाला होता. १९९९ मध्ये निम्म्या मुलांना ते आणि निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी टोचून पाहिलं, तर दोन्हीकडची मुलं सारखीच सुधारलेली दिसली. मूल वाढतंच असतं, आणि आशेने बघणाऱ्याला त्या वाढीचं श्रेय औषधाला द्यावंसं वाटतं. आईबापांचा यात काय दोष?

आपल्या गावाचा आणखी एक प्रश्न. घरी तेलुगू किंवा कन्नड, शाळेत मराठी. "एकच भाषा बोला, नाहीतर मूल गोंधळेल" असं अनेक आयांना बजावलं जातं. मग त्या मोडक्यातोडक्या मराठीत बोलतात आणि मुलाशी बोलणंच आटतं. दोन भाषांमुळे ऑटिझम असलेल्या मुलांची भाषा मागे पडते, असं आजवरच्या अभ्यासांत आढळलेलं नाही. म्हणून आमच्या बैठका आईच्या भाषेत होतात.

सध्या अकरा कुटुंबं वाट बघत आहेत. एका कुटुंबाच्या बारा बैठकांना ६,००० रुपये लागतात : कार्यकर्तीचं मानधन, रिक्षाभाडं, देखरेख करणाऱ्या थेरपिस्टची फी, आणि बैठकीच्या दिवशी बुडणाऱ्या विड्यांची मजुरी. या शेवटच्या रकमेवर काहीजणांनी प्रश्न विचारला होता. ती दिली नाही तर आई बैठकीला बसूच शकत नाही, म्हणून ती आम्ही देणारच.

पूर्ण कुटुंबाचा भार उचला किंवा एका बैठकीचे ५०० रुपये द्या, पावती मिळेल. पैसे नसतील तर तेलुगू-कन्नड चांगलं बोलणारे पदवीधर हवेत, आठवड्यातून दोन दुपारी देऊ शकतील असे. प्रशिक्षण आम्ही देऊ. चांगला कॅमेरा असलेले जुने मोबाईलही चालतील, फक्त बॅटरी तासभर टिकली पाहिजे.

दर रविवारी सकाळी दहा ते बारा आम्ही मंडळाच्या खोलीत असतो. हिशेबाची वही टेबलावरच असते. पहिली नवी बैठक गड्ड्याची यात्रा उरकली की सुरू करायची आहे.

आपले,
स्वमग्न मुलांचे पालक, सोलापूर