तांदळात लिहिलेलं नाव

एडिसन, न्यू जर्सी
रविवार, रात्री साडेअकरा

चि. सई हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोनवर तू रडत होतीस आणि इकडे माझी पोळी तव्यावर करपत होती, म्हणून धड बोलणं झालं नाही. एवढं सगळं अंगठ्यानं टाइप करणं मला जमत नाही, तेव्हा कागदावर लिहिते आहे. बाबा फोटो काढून पाठवतील.

तुमच्या ड्रम कोरचं, म्हणजे ढोल-ब्यूगलच्या पथकाचं, पत्र मी दोनदा वाचलं. दोन कोर एकत्र येणार, नवं नाव नंतर कळवणार, गणवेशाचा निर्णय समिती घेणार. बँकांच्या विलीनीकरणाची नोटीस असते ना, तस्सं. त्यात पोरांबद्दल एकच ओळ आहे, तीही शेवटी. तुझा राग मला समजतो. पण ‘आमच्यासारखं कुणाच्याच बाबतीत झालं नसेल’ असं जे तू म्हणालीस, ते बरोबर नाही. ड्रम कोरच्या दुनियेत हे इतक्यांदा झालंय की तुमच्या स्वयंपाकाच्या ट्रकमध्ये दोन उन्हाळे कांदे चिरूनसुद्धा मला थोडंफार पाठ झालं. जुने लोक तिथे चहाला येतात आणि बोलतच बसतात.

सुरुवात आठव. पहिल्या महायुद्धानंतर सैन्याचे उरलेले ढोल नि ब्यूगल माजी सैनिकांच्या संघटनांनी घेतले आणि गावोगावच्या पोरांच्या गळ्यात अडकवले. मग चर्चनी कोर काढले, स्काउटांनी काढले. म्हणजे कोर गल्लीचा होता. पोरं सायकलवरून सरावाला यायची. 1971 मध्ये डीसीआय, म्हणजे ड्रम कोर इंटरनॅशनल ही कोरांची संघटना, स्थापन झाली, 1972 ला विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, आणि ज्याला नाव कमवायचंय त्याला उन्हाळाभर बस भाड्यानं घेऊन देशभर फिरणं भाग पडलं. गल्लीच्या कोरला ते कुठून परवडणार? वर 1973 पासून तेल महागलं. मैदानावर तेव्हा जास्तीत जास्त 128 जण उतरवता यायचे. तुझ्याकडे साठ पोरं, शेजारच्या गावात साठ पोरं, आणि दोघांच्याही बसचा हप्ता थकलेला. हिशेब कुणीही करील.

पेनसिल्व्हेनियात 1974 मध्ये असाच हिशेब झाला. 507 हॉर्नेट्स आणि कीस्टोन रेजिमेंट हे दोन कोर मिळून क्रॉसमेन उभा राहिला. नाव ना ह्याचं ना त्याचं. त्या क्रॉसमेननं पुढे बरंच पाहिलं. काही वर्षं तो कॅडेट्स नावाच्या दुसऱ्या कोरच्या संस्थेच्या छत्राखाली होता, तिथून निघून थेट टेक्सासात, सॅन अँटोनियोला गेला आणि 2007 चा मोसम तिथून खेळला. आज तो आहे. ज्या दोघांनी तो जन्माला घातला त्यांची नावं मात्र फक्त तुमच्यासारख्या वेड्यांना ठाऊक.

टोरंटोवाल्यांनी दुसरी तऱ्हा केली. द ला सालचा कोर आणि एटोबिको क्रुसेडर्स 1975 ला एकत्र आले. द ला साल शाळेच्या आवाराचं नाव ओकलंड्स, म्हणून एकाचं ‘ओकलंड’ घेतलं, दुसऱ्याचं ‘क्रुसेडर्स’, आणि ओकलंड क्रुसेडर्स झाले. पुढच्याच वर्षी टोरंटो ऑप्टिमिस्ट्स आणि सेनेका प्रिन्समेन मिळून सेनेका ऑप्टिमिस्ट्स. हे ऑप्टिमिस्ट्स साधेसुधे नव्हते बरं का. 1958 ते 1968 ओळीनं अकरा वर्षं कॅनडाचं राष्ट्रीय विजेतेपद त्यांच्याकडे होतं. अशा घराण्यालाही अर्ध्या नावावर समाधान मानावं लागलं. आणि एवढं करून दोन्ही जोडनावं काही टिकली नाहीत.

मला स्वतःला क्रॉसमेनवाल्यांचं पटतं. का ते सांगते. माझ्या लग्नात तांदळाचं ताट समोर ठेवलं आणि तुझ्या बाबांनी अंगठीनं त्यात माझं नवं नाव लिहिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला आधी विचारलं नव्हतं. तीन दिवस कुणी हाक मारली की मी ओ द्यायचे नाही. मुद्दाम नाही गं, ते नाव माझंच आहे हे लक्षातच यायचं नाही. तेव्हाच वाटलं होतं, की बदलायचंच तर दोघांनीही बदलावं. हे तुझ्या आजीला वाचून दाखवू नकोस.

तिसरा प्रकार तुमच्या बाबतीत होऊ नये एवढीच मला काळजी आहे. त्यात मोठा धाकट्याचे ढोल, ट्रक आणि चांगली वाजवणारी दहा-बारा पोरं घेतो, बाकीचे हळूहळू गळतात, आणि कागदावर ‘एकत्र आलो’ असं लिहिलेलं राहतं. हे पत्रावरून ओळखता येत नाही.

आणि नाव राखलं म्हणून कोर वाचतो, असंही नाही. आपल्या शेजारचंच बघ. गारफील्डच्या होली नेम चर्चचा कोर 1934 चा. होली नेम कॅडेट्स, मग गारफील्ड कॅडेट्स, मग कॅडेट्स ऑफ बर्गन काउंटी, मग नुसते कॅडेट्स. गाव सोडलं, न्यू जर्सी सोडली, पण ‘कॅडेट्स’ हा शब्द काही सोडला नाही. डीसीआयची दहा विजेतेपदं. 2024 मध्ये बंद झाला. त्या आठवड्यात तू दोन दिवस जेवली नव्हतीस, आणि तो तर तुझा कोरही नव्हता.

आता वाजवण्याबद्दल, कारण त्यातलं मला जरा कळतं. शाळेत असताना पुण्यात कमरेला ढोल बांधून मी चार गणपती वाजवलेत. आमच्याकडे पथकं जुळत नाहीत, फुटतात. आमचंही फुटलं, ध्वज पुढे कुणी धरायचा यावरून म्हणे. पण फुटल्यावर दोन वर्षांनी एका मिरवणुकीत दोन्हीकडच्या पोरी शेजारी उभ्या राहिलो आणि म्हटलं चला, भीमरूपी वाजवू. ताल तोच, हातही एकाच सरांनी शिकवलेला, तरी जमेना. त्यांचं टिपरू आमच्यापेक्षा वीतभर जास्त वर जायचं, आणि तेवढ्यानं ठोका केसभर मागे पडायचा. ऐकणाऱ्याला कळलं नसेल. आम्हाला दातात खडा आल्यासारखं होत होतं. त्या दिवशी पुढे अर्धा तास आम्ही नुसता एकच ठोका वाजवला. शेवटी कुणी कुणाचं ऐकलं ते आठवत नाही, पण रस्ता संपेस्तोवर टिपरू एका उंचीवर आलं होतं.

तुमच्या स्नेअर ढोलवाल्यांचंही हेच होणार. काठी किती इंचांवरून खाली येते, मनगट किती वळतं, यावर त्यांचं सगळं आयुष्य उभं असतं. तुमचं मेलोफोनचं त्या मानानं बरं. श्वास घ्यायची जागा ठरली की निम्मं भांडण मिटतं. जुने लोक जी पट्टीतल्या ब्यूगलच्या गोष्टी सांगतात, एक व्हॉल्व्ह, एक रोटर आणि सुराचा पत्ता नाही. तुम्हाला निदान ती तरी कटकट नाही.

तेव्हा नाव काय ठेवणार, गणवेश निळा की तांबडा, यावर त्या समितीत तोंडाची वाफ दवडू नकोस. तुझी दोनच वर्षं उरलीत. वयाचं एकविसावं संपलं की तुलाही कोरमधून बाहेर पडायचंय. एकच गोष्ट विचार, आणि सगळ्यांसमोर विचार: हिवाळ्यातले सरावाचे कॅम्प कुठे होणार? त्यांच्या गावात की आपल्या? दोन्हीकडे आळीपाळीनं घेत असतील तर जा. कायम त्यांच्याकडेच असतील, तर तुमच्यातली ज्यांच्याकडे गाडी नाही ती पोरं मार्चपर्यंत यायची बंद होतील. त्या धाकट्या टेनर ढोलवाल्याला त्याची आई दोन नोकऱ्या सांभाळून सोडायला येते. चार तासांचं अंतर तिला कसं जमेल? उत्तर काय मिळालं ते मला कळव, मग पुढचं बोलू. सोडायचं असेल तर सोड, मी काही म्हणणार नाही. पण विचारून सोड.

जुनं जाकीट परत मागितलं तर देऊन टाक. त्याच्या आतल्या बाजूला, बगलेखाली, मी लाल दोऱ्यानं ‘सई’ असं विणलंय, मराठीत. धुवायला द्यायच्या गठ्ठ्यात ओळखू यावं म्हणून केलं होतं. ते उसवू नकोस.

तुझी,
आई

ता. क. त्यांच्या ट्रकमध्ये मोठा तवा आहे का, तेही विचारून ठेव. आपला मी माझ्या गाडीत टाकून आणीन, पण त्यांची शेगडी कशी आहे ते कळलं पाहिजे. भाजणी चार किलो दळून ठेवलीय.