मराठी बोला म्हणणाऱ्यांनी मराठी शिकवायची सोय पण करावी

संपादक साहेब, स.न.वि.वि.

परप्रांतीय आणि मराठी या विषयावर आपल्या पेपरात सारखी पत्रं येतायत, एक जण म्हणतो महाराष्ट्रात राहायचं तर मराठी आलीच पाहिजे, दुसरा म्हणतो देश एक आहे, कोणी कुठंही राहील. मला दोघांनाही काही सांगायचंय, कारण मी स्वतः परप्रांतीय म्हणून वाढलोय आणि आता चाकणला राहतो जिथं आमच्या गल्लीतल्या बऱ्याचशा खोल्या बिहार, यूपी, ओडिशाच्या पोरांनी भरल्यात.

आमचं मूळ गाव विट्याजवळ. खानापूर-आटपाडी भागातली माणसं दुष्काळाला कंटाळून सोन्याचांदीच्या गलाईसाठी देशभर पांगली, हे सांगली जिल्ह्यात कुणालाही विचारा. माझे वडील केरळात त्रिशूरला गेले. मोडीचे दागिने, सोनाराच्या दुकानातल्या झाडणीतले सोन्याचे कण, हे सगळं मुशीत वितळवायचं, अ‍ॅसिडने साफ करायचं आणि शुद्ध सोनं परत द्यायचं असा तो धंदा. आता ज्याच्याशी धड बोलता येत नाही त्याच्या हातात कुठला सोनार सोनं देईल? वडिलांनी पहिल्यांदा मलयाळम उचलली, घट किती आली आणि का आली हे त्यांच्याच भाषेत समजावून सांगायला लागले तेव्हा कुठं गिऱ्हाईक टिकलं. घरात मराठीच बोलायचो, गणपती पण बसायचा, ओणमला शेजाऱ्यांकडे पानावर जेवायलाही जायचो. मराठीपण कुठं गेलं नाही आमचं.

पण हे एकट्या वडिलांच्या हुशारीने झालं नाही हे पण लिहितो. मला तिथल्या सरकारी शाळेत घातलं, मलयाळम माध्यम, सुरुवातीला मला एक अक्षर कळायचं नाही. आमच्या टीचर शाळा सुटल्यावर मला थांबवून घ्यायच्या आणि पाटीवर अक्षरं गिरवून घ्यायच्या, बोलताना चुकलो तर वर्गातल्या पोरांना हसू द्यायच्या नाहीत. कुठल्या जीआरमध्ये हे लिहिलेलं नव्हतं. भाषा येत नाही म्हणून वडिलांच्या कानाखाली कुणी मारली असती तर आम्ही घाबरून आपल्याच माणसांत कोंडून राहिलो असतो, मलयाळम काय डोंबल शिकलो असतो!

म्हणून 2025 च्या पावसाळ्यात मीरा रोडला दुकानदाराला मारहाण झाली आणि मग दोन्हीकडून मोर्चे निघाले तेव्हा फार वाईट वाटलं. मारून कुणी मराठी शिकत नाही, फक्त व्हिडिओ व्हायरल होतो.

तरी इकडे येऊन स्थायिक झालेल्यांनाही स्पष्ट सांगतो. कालपरवा आलेल्या मजुराचं समजू शकतो, तो दिवसाला बारा तास कंपनीत असतो. पण इथं येऊन वीस वर्षं झाली, दुकान झालं, फ्लॅट झाला, पोरं इथं शिकली आणि तरी भाजीवाल्या आजीला तुम्हीच म्हणता हिंदी में बोलो, हे बरोबर नाही. तिनं का बोलावं? दोन-चार वाक्यं मोडकीतोडकी बोला, समोरचा माणूस लगेच हसून बोलतो की नाही बघा. आणि आमच्या चाकणच्या गावकऱ्यांची तक्रारही खोटी नाही, जमिनी एमआयडीसीला गेल्या, पाणी-कचरा-गटाराचा सगळा ताण गावावर आला, आणि 80 टक्के नोकऱ्या स्थानिकांना असा सरकारी निर्णय असून ठेकेदार सर्रास म्हणतात लोकल पोरं नकोत, युनियन करतात. हा राग ठेकेदारावर निघायला पाहिजे, निघतो मात्र सहा हजार रुपयांसाठी घर सोडून आलेल्या पोरावर.

आपल्या बाजूचं काय? दहा बाय दहाच्या खोलीत सहा-सात जण कोंबायचे, डोक्यामागे भाडं घ्यायचं, भाडेकरार करून द्यायचा नाही. करार नाही म्हणून पत्त्याचा पुरावा नाही, पुरावा नाही म्हणून गॅस नाही, काळ्या बाजारातल्या छोट्या सिलिंडरवर स्वयंपाक. दाखला आणला नाही म्हणून त्याच्या मुलाला शाळेतून परत पाठवतात, खरं म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात दाखल्यासाठी प्रवेश अडवता येत नाही. ते पोर शाळेतच आलं नाही तर मराठी कुठून शिकणार? 2020 मध्ये आपण सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा केला, चांगलं केलं, 2024 मध्ये अभिजात दर्जा मिळाला तेव्हा पेढे वाटले, पण मोठ्या माणसाला, कामगाराला मराठी शिकायची असेल तर चाकणमध्ये त्याने जायचं कुठं हे मला कुणीतरी सांगा.

केरळने हे करून दाखवलंय. तिथल्या साक्षरता मिशनने 2017 मध्ये पेरुंबावूरला, जिथं प्लायवूडच्या कारखान्यांत बाहेरचे कामगार भरपूर आहेत, चंगाती नावाचा उपक्रम सुरू केला, कामगारांच्या वेळेप्रमाणे वर्ग आणि हिंदीतून मलयाळम शिकवणारं वेगळं पुस्तक. आपल्याकडे बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ आहे, बिल्डरकडून बांधकाम खर्चाच्या 1 टक्का सेस मिळतो, 90 दिवस काम केलेल्या कामगाराची नोंदणी होते. त्याच मंडळाने साइटवर आठवड्यातून दोनदा तासभर मराठीचा वर्ग घेतला तर काय बिघडणार आहे? कंपन्यांनीही कामाच्या वेळेतला अर्धा तास द्यावा, पगार न कापता.

आमच्या इथले दोन निवृत्त गुरुजी रविवारी फुकट शिकवायला तयार आहेत, रिक्षा स्टँडवरची यूपीची पोरं पण येतो म्हणालीत. जिल्हा परिषदेच्या शाळेची एक खोली रविवारी सकाळी दोन तास मिळावी एवढीच मागणी आहे, अर्ज दिलाय, अजून उत्तर नाही. आपण हे पत्र छापलंत तर निदान कुणाच्या तरी टेबलावरची फाइल हलेल.

आपला नम्र,
एक वाचक, चाकण