व्हीच्या मागचा ई

नागपूर, मे महिन्यातली रात्र

प्रिय दिगू,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, धाकटीला स्पेलिंग पाठच होत नाहीत, रागाच्या भरात पोरीवर हात उगारला. तेव्हापासून मला चैन नाही. दिवसभर ऊन असं तापलं होतं की खिडकीचा गजही धरवत नव्हता. आता रात्री अकराला कूलरसमोर बसून लिहितो आहे.

तुला पाचवीचा वर्ग आठवतो का? आपल्याला एबीसीडी भेटली तीच मुळी पाचवीत. चाचणीत मी ‘हॅव्ह’चं स्पेलिंग एच-ए-व्ही लिहिलं होतं. सरांनी पट्टी उभी धरून बोटांच्या पेरांवर मारली. मी विचारलं, “सर, ई ऐकूच येत नाही तर लिहायचा काऊन?” त्यावर आणखी एक बसली. तू बाकाखालून ओला रुमाल माझ्या हातात दिलास, तो थंडावा अजून आठवतो. पण त्या प्रश्नाचं उत्तर मला पन्नाशीत मिळालं, तेही एका खेळातून.

आमची मोठी रोज सकाळी मोबाइलवर वर्डल खेळते. जॉश वॉर्डल नावाच्या माणसानं आपल्या जोडीदारासाठी तो तयार केला, २०२१ मध्ये सगळ्यांसाठी खुला केला. पाच अक्षरांचा एक इंग्रजी शब्द लपलेला असतो, तो सहा प्रयत्नांत ओळखायचा. अक्षर जागेवर असेल तर हिरवं, शब्दात आहे पण जागा चुकली तर पिवळं, नसेलच तर करडं. मीही चहाचा कप घेऊन तिच्या शेजारी बसू लागलो.

मागच्या रविवारची गोष्ट. तिनं पहिला शब्द टाकला ‘मूव्ही’, एम-ओ-व्ही-आय-ई. ओ आणि व्ही पिवळे, ई हिरवा. मी म्हटलं, व्ही शेवटी टाकून बघ. ती म्हणाली, “बाबा, व्ही शेवटी नसतो. शेवटी ई आहे, त्याच्या आधी व्ही असेल.” तिनं ‘ग्लव्ह’ टाकला, जी-एल-ओ-व्ही-ई. जी-एल गेले, ओ-व्ही-ई तिन्ही हिरवे. आता उरले सहा: स्टोव्ह, शव्ह, प्रूव्ह, ड्रोव्ह, ट्रोव्ह, अबव्ह. एकेक टाकत बसलो तर प्रयत्न संपतील. पोरीनं काय केलं असेल? जो शब्द उत्तर असूच शकत नाही, तोच टाकला: ‘स्ट्रॅप’, एस-टी-आर-ए-पी. एस, टी दोन्ही हिरवे, म्हणजे स्टोव्ह. एस एकटाच हिरवा असता तर शव्ह, ए लागला असता तर अबव्ह, आर आणि पी लागले असते तर प्रूव्ह, आर आणि टी लागले असते तर ट्रोव्ह, नुसता आर असता तर ड्रोव्ह. एका शब्दात सहाही वाटा मोकळ्या! मला आईचा पितळी स्टोव्ह आठवला, पिन मारल्यावर निळा पेटायचा तो.

पण दिगू, माझं मन अडकलं ते “व्ही शेवटी नसतो” यावर. मी शोधून वाचलं. हातानं पुस्तकं उतरवायचे त्या काळात यू आणि व्ही ही वेगळी अक्षरंच नव्हती, एकच खूण दोन्हीचं काम करायची. शब्दाच्या टोकाला ती आली तर स्वर वाचायचा की व्यंजन, कळणार कसं? म्हणून मागे ई जोडला, आधीचा व्ही आहे हे सांगायला. हॅव्ह, गिव्ह, लव्ह, लिव्ह, सगळ्यांच्या मागे तोच ई. आणि लव्हमध्ये उच्चार ‘अ’चा असून ओ काऊन? यू, व्ही, एम, एन या सगळ्यांच्या नुसत्या उभ्या रेघा, शेजारी आल्या की वाचता येईनात, म्हणून लिहिणाऱ्यांनी यूच्या जागी ओ घातला. ‘सन’ म्हणजे मुलगा, ‘कम’ म्हणजे ये, त्यांतला ओही तसाच. आर-ई-व्ही ‘रेव्ह’सारखे थोडे शब्द सोडले तर व्ही शेवटी न येण्याचा नियम सहसा मोडत नाही.

जे हे अक्षरही तसंच, टोकाला बसत नाही. म्हणून जजच्या सुरुवातीला जे आणि शेवटी डी-जी-ई. इंग्रजी शब्दकोशात जे शेवटी असलेले शब्द बघ: राज, ताज, हज, स्वराज. सगळे आपल्याकडून किंवा अरबीतून गेलेले. क्यूच्या मागे एरवी यू येतो, तो नसलेला ‘निकाब’ही (एन-आय-क्यू-ए-बी) अरबीच. आपल्याच घरचे शब्द त्यांच्या नियमाबाहेर उभे आहेत, आणि आपण मात्र नियम न कळता मार खात होतो. ते वाचलं त्या रात्री मी कितीतरी वेळ आपली बोटं बघत बसलो होतो.

त्या पोरीला हे सांग रे. स्पेलिंग वीसदा लिहायला लावण्याआधी सांग. ई मुका असला तरी कामाचा आहे, हे तिला कळू दे. तुला जमत नसेल तर फोन दे तिच्याकडे, मी सांगतो.

तिच्यासाठी एक कोडं पाठवतो. पाच अक्षरं, तिसरं व्ही, चौथं ई, पाचवं एल. पहिली दोन तिनं शोधायची. मला आत्तापर्यंत सहा शब्द सापडलेत. तिला सातवा सापडला तर लगेच कळव, रात्रीचे बारा वाजलेले असले तरी चालेल. पुढच्या आठवड्यात भाचा तुमच्याकडे येतो आहे, त्याच्या हातून संत्रा बर्फी देतो.

तुझा,
विनू