आजीच्या आठवणींच्या पुस्तिकेसाठी माझं पान

टोरांटो

प्रिय वहिनी,
सा. न.

आजीच्या वर्षश्राद्धाला आठवणींची पुस्तिका काढताय, फार बरं वाटलं. सगळ्यांकडून एकेक पान मागवलंयस, म्हणजे 'प्रेमळ', 'शिस्तीची', 'कष्टाळू' हे शब्द पानोपानी येतील. ती होतीच तशी. पण चौतीस वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळणारी ही बाई पोरांना वाचायला कशी शिकवायची, हे कुणी लिहून ठेवलं नाही तर तिच्याबरोबरच जाईल. म्हणून माझं पान तेवढ्याचंच. लांबलं तरी कापू नकोस.

ती अ-आ-इ-ईपासून सुरुवात करत नसे. सहा वर्षांच्या हाताला अ जड जातो, आणि नुसत्या स्वरांचे शब्द तरी किती होणार? तिची पहिली अक्षरं ग, म, भ, न. चौघांनाही उजवीकडे उभी रेघ, त्यामुळे एकच वळण हातात बसतं. शिवाय चारच अक्षरांत मन, नभ, गगन, नमन, गमन हे शब्द लगेच वाचता येतात. त्यानंतर लगेच काना : मामा, नाना, नाग, भाग, मान. बाराखडी पाठ होईपर्यंत ती थांबत नसे. मग व-ब-क, प-ष-फ, र-स-ख, ट-ठ-ढ. व आला की पोटात रेघ दिली, झाला ब. प्रत्येक नवं अक्षर आधीच्या अक्षरातून काढायचं.

शिरोरेघ शब्द पुरा झाल्यावर, सगळ्यात शेवटी. यावर ती फार कडक होती, आणि कारण पक्कं होतं. आधी रेघ ओढून खाली अक्षरं टांगली की भ चा म होतो आणि ध चा घ. भ आणि ध यांच्या डोक्यावर रेघ तुटलेली हवी, आणि ती तोडायला आधी अक्षर डोळ्यांसमोर असावं लागतं. छोटीला शिकवताना एवढं नक्की पाळ. फोनवरच्या अ‍ॅपमध्ये ल आणि श बऱ्याचदा हिंदी वळणाचे दिसतात. मराठीतला पाकळीचा ल आणि देठाचा श राज्य शासनाच्या 2009च्या निर्णयातही दिले आहेत. तिला तेच गिरवायला दे.

आकड्यांत पोरं दोन ठिकाणी हमखास चुकतात. 'पंचवीस' म्हटलं की पाच आधी ऐकू येतात, म्हणून 52 लिहितात. आणि 'एकोणतीस'मधले तीस ऐकून 39. आजी काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधून ठेवायची. पंचवीसला दोन गठ्ठे डावीकडे, पाच सुट्या काड्या उजवीकडे, आणि मग डावीकडून लिहायचं. एकोणतीसला तीन गठ्ठे मांडायला लावायची आणि म्हणायची, "आता एक काडी मला दे." एक काढायची तर एक गठ्ठा सोडावाच लागतो, मग दोन गठ्ठे आणि नऊ काड्या समोर उरतात. हीच रीत एकोणनव्वदपर्यंत चालते. नव्व्याण्णव मात्र वेगळं, ते तसंच पाठ करायचं. बालभारतीने 2019 साली दुसरीच्या पुस्तकात 'बावीस'साठी 'वीस दोन' अशीही वाचनाची सोय दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला. मला विचारशील तर, काड्या हातात असल्या की दोन्ही नावं मुलाला पेलतात.

पाढ्यांचंही लिही. 1957 साली नवे पैसे आले, सोळा आण्यांचा रुपया गेला, तशी औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, तिने सोडून दिली. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी (पाव, अर्धा, पाऊण, सव्वा आणि दीडचे पाढे) मात्र शेवटपर्यंत म्हणवून घेतल्या. आठ पाऊण सहा, आठाची दिडकी बारा. मंडईत पाव आणि पाऊण किलोचा हिशेब रोजच लागतो, हे तिचं साधं म्हणणं.

शुद्धलेखनाला ती व्याकरणाचे शब्द वापरत नसे, जोड्या द्यायची : मूल-मुलाला, फूल-फुलात, दूध-दुधाचं, वीट-विटेवर. दहा-बारा जोड्या झाल्या की आतलं दीर्घ ऱ्हस्व होतं, हे पोरं स्वतःच सांगायची. मग ती 'गीत-गीताला' टाकायची, आणि संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द बदलत नाहीत हे त्या खटक्यातूनच कळायचं.

आता तिच्या टाचणवह्यांबद्दल, म्हणजे वर्गात काय शिकवायचं ते ती लिहून ठेवायची त्या वह्यांबद्दल. 12 जुलै 1961च्या पानशेतच्या पुरात नारायण पेठेतल्या घरातलं सगळं वाहून गेलं, म्हणून सगळ्यात जुनी वही त्या वर्षाच्या दुसऱ्या सत्राची आहे. तीत 'नांव', 'घरें', 'केलें' असं दिसेल. टाइप करणाऱ्याला सांग, या चुका नाहीत, सुधारायच्या नाहीत. 1962च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. पुढच्या वह्यांत तिने आधी सवयीने अनुस्वार देऊन मग लाल शाईने स्वतःच खोडलेत. ते एक पान पुस्तिकेत जसंच्या तसं छाप.

वह्यांच्या गंजलेल्या स्टेपलच्या पिना काढ, पण ओढू नकोस. आधी पाय सरळ कर, नाहीतर कागद फाटतो. लॅमिनेशन अजिबात नको, ते पुन्हा निघत नाही. फोटो दिवसा खिडकीपाशी, फ्लॅश न लावता काढ, आणि पानाची चारही टोकं दिसू देत, म्हणजे समासातल्या नोंदी कापल्या जाणार नाहीत. वह्या धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून वरच्या फळीवर ठेव. पावसाळ्यात खालच्या कप्प्यात ओल येते आणि कसर लागते.

छापायला देण्याआधी फोटो मला पाठव. तिच्या अक्षरातला कुठला शब्द लागला नाही तर आत्याला विचार, तिला ते अक्षर बरोबर लागतं. दादाला नमस्कार, छोटीला आशीर्वाद.

तुझी धाकटी नणंद